शंभरांतले राहिलेले लेकरू
(तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी मंडळ्यांकरिता अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ: लूक १५:३-७, मार्क १०:१३-१६, निर्गम २:१-१०, १ शमुवेल १:२१-२८, २ तीमथ्य १:५ व ३:१४-१५



हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. मेंढपाळ रानात गेला, काट्याकुट्यांतून फिरला, मेंढरू सापडल्यावर त्याने ते खांद्यावर घेतले, हे सर्व आपणांस तोंडपाठ आहे. परंतु त्या दृष्टान्तातील एका लहान गोष्टीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शंभरांतून एक मेंढरू नाही हे त्या मेंढपाळास कळले कसे? त्याने मोजणी केली म्हणून कळले. नव्याण्णव मेंढरांचा कळप दुरून पाहिला तर पुरा शंभराचाच दिसतो. न मोजणाऱ्या मेंढपाळाला आपले काही हरवले आहे ह्याचा पत्ताच लागत नाही, आणि तो रात्री सुखाने झोपतो.

आज आम्ही ह्याच मोजणीविषयी लिहिणार आहो. विषय आहे आपल्या घरांतील व वस्तीवरील तीन ते सहा वर्षांची लेकरे. ह्या वयाची किती मुले अंगणवाडीत अथवा बालवाडीत जातात, किती जात नाहीत, जी जात नाहीत ती का जात नाहीत, आणि त्याविषयी मंडळीने काय करावे, ह्या चार प्रश्नांचा विचार ह्या पाठात केला आहे. उपदेशक बंधूंनी हा पाठ दोन बैठकांत शिकवावा, आणि लेकुरवाळ्या बायांना बसता येईल अशी वेळ ठेवावी, कारण हा विषय मुख्यतः त्यांच्या ओझ्याचा आहे.

१. शास्त्र काय दाखविते

कित्येक बंधू म्हणतात, “तीन वर्षांच्या पोराला शाळा कशाला? त्याला अजून नाक पुसता येत नाही.” असा विचार शिष्यांच्याही मनात होता. आया लेकरांना घेऊन प्रभूकडे आल्या तेव्हा शिष्यांनी त्यांना दटावले. मोठ्यांच्या कामात लहानांची अडचण होते, असे त्यांना वाटले असावे. प्रभू मात्र शिष्यांवर रागावला. त्याने लेकरांना कवटाळले आणि त्यांच्यावर हात ठेवले. मोठी व्हा, शहाणी व्हा, मग या, असे त्याने त्यांना सांगितले नाही.

हन्नेचे उदाहरण पाहा. शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत ती घरी राहिली, आणि मग त्याला शिलो येथे एलीच्या स्वाधीन केले. त्या काळी लेकराचे दूध पुष्कळ उशिरा, दोन-तीन वर्षांचे झाल्यावर, तोडीत असत. म्हणजे आपण ज्या वयाविषयी बोलत आहो त्याच वयाच्या सुमारास शमुवेलाचे शिक्षण सुरू झाले. तीमथ्याविषयीही पौल असेच लिहितो की, त्याला पवित्र लेखांची ओळख बालपणापासून होती. ती ओळख कोणी करून दिली? आजी लोईस व आई युनीके ह्यांनी. प्रेषिताच्या सहकाऱ्याचा पाया दोन बायांनी घराच्या ओटीवर घातला.

तिसरे उदाहरण मोशेच्या बहिणीचे. लव्हाळ्यांत ठेवलेल्या तान्ह्या भावाचे काय होते हे पाहण्यास ती दूर उभी राहिली. त्या मुलीने आपल्या जातीचा तारणारा राखला, ह्यात संशय नाही. परंतु तिला तेथे थोडा वेळ उभे राहावे लागले. आपल्या वस्तीवरील सात-आठ वर्षांच्या मुली धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर, आणि पुढे वर्षानुवर्षे, उभ्या आहेत. त्यांची पाटी घरी खुंटीला लटकते. म्हणून धाकट्या लेकराच्या अंगणवाडीचा प्रश्न हा एकट्या त्या लेकराचा नाही. त्याच्या मोठ्या बहिणीच्या शाळेचाही तो प्रश्न आहे. ही गोष्ट वाचकांनी पाठ संपेपर्यंत मनात ठेवावी.

२. हे काम कोणी सुरू केले

लहान मुलांची शाळा ही आजची नवी टूम आहे असे कोणास वाटेल, तर तसे नव्हे. आणि विशेष हे की, तिच्या आरंभी एका खेड्यातील पाळकाचे नाव आहे. फ्रान्स देशाच्या आल्सास प्रांतात डोंगराळ, गरीब अशा वाल्डर्सबाख गावी १७६७ साली जॉन फ्रेडरिक ओबरलिन हा पाळक नेमला गेला. लोक शेतावर जात, आणि लहान मुले वाऱ्यावर पडत. जवळच्या एका गावात सारा बांझे नावाची तरुण मुलगी मुलांना जमवून विणकाम शिकवीत असे. ओबरलिन ह्याने तिचे काम पाहिले, त्याला आधार दिला, आणि १७७० च्या सुमारास आपल्या गावोगावी अशी घरे उघडली. लुईझा शेप्लर नावाच्या त्याच्या घरच्या सेविकेने पुढे अनेक वर्षे हे काम चालविले. ह्याच पाळकाने स्वतः कुदळ हाती घेऊन आपल्या लोकांबरोबर रस्ता बांधला. धर्मोपदेश, रस्ता व लेकरांची शाळा ही त्याच्या दृष्टीने एकाच सेवेची अंगे होती.

पुढे जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल ह्याने १८३७ साली लहान मुलांकरिता खेळातून शिकविण्याची संस्था काढली, व १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. हाही एका पाळकाचाच मुलगा. इटलीत डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या बाईंनी १९०७ साली रोम शहराच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले. पुढे त्या हिंदुस्थानातही येऊन राहिल्या व त्यांनी येथील शिक्षकांना शिकविले.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. अमेरिकेत असताना बाईंनी फ्रोबेलच्या पद्धतीचा अभ्यास केला, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडल्यावर त्या पद्धतीचा उपयोग येथे केला. गुजराथेत भावनगर येथे गिजुभाई बधेका ह्यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले. १९४५ पासून अनुताई वाघ त्यांच्या हाताखाली होत्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी हे काम वाढविले.

‘अंगणवाडी’ हा शब्द आपणांस ताराबाईंच्या कामातून मिळाला. त्यांची बालवाडी चालू होती, परंतु गावकुसाबाहेरच्या वस्तीतील मुले तेथे येत ना. कोणी येऊ देत नसे, आणि कोणास यावयाचे धैर्य होत नसे. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीत नेली. झोपडीपुढचे अंगण झाडून घेतले, मुलांची नखे काढली, तोंडे धुतली, गाणी म्हटली, आणि त्या अंगणातच शाळा भरविली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे ह्या शब्दाचे मूळ आहे. आपल्यांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे गावकुसाबाहेरच राहिले. तेव्हा हा शब्द आपल्याच अंगणातून निघाला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

३. सरकारची व्यवस्था

हिंदुस्थान सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज देशात सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. प्रत्येक ठिकाणी एक सेविका व बहुधा एक मदतनीस असते. सहा वर्षांखालील मुले, गरोदर बाया व अंगावर पाजणाऱ्या आया ह्यांच्याकरिता सहा प्रकारच्या सेवा तेथे नेमल्या आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठविणे, बायांना आहार व आरोग्याचे ज्ञान, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण.

आपल्या लोकांची अशी समजूत आहे की, अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळण्याची जागा. सहा सेवांतील एकच त्यांना ठाऊक असते. वरील यादीतील शेवटची सेवा बापांनी व आयांनी नीट लक्षात घ्यावी.

कायद्यात काय आहे तेही जाणले पाहिजे. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांविषयी मात्र, त्यांचे संगोपन व शिक्षण करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, एवढेच कलम ४५ मध्ये लिहिले आहे. हक्क आणि प्रयत्न ह्यांत अंतर आहे, आणि त्या अंतरातच आपली पुष्कळ लेकरे पडून राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असा आदेश दिला, आणि १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम द्यावा असे सांगितले. त्याच आदेशात असेही आहे की, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील निदान ४० मुले आहेत व अंगणवाडी नाही, तेथील लोकांनी मागणी केल्यास तीन महिन्यांच्या आत ती द्यावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन वर्षांपासूनचे शिक्षण हे शालेय शिक्षणाचा पहिला टप्पा मानले असून, २०३० पर्यंत ते सर्व मुलांस मिळावे असे ठरविले आहे. त्या धोरणाचे म्हणणे असे की, मेंदूच्या एकूण वाढीपैकी शेकडा ८५ हून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगाची पेरणी चुकली तर पुढच्या पावसाने ती भरून निघत नाही.

४. पट काय सांगतो

आता आकडे पाहू. ‘असर’ नावाची एक पाहणी दर एक-दोन वर्षांनी देशाच्या खेड्यांत घरोघरी जाऊन केली जाते. २०२४ साली ती सहाशेहून अधिक जिल्ह्यांत झाली. तिच्यात असे आढळले की, तीन वर्षांच्या शंभर मुलांपैकी ७७ मुलांची नावे अंगणवाडीत अथवा दुसऱ्या कोणत्या तरी शाळापूर्व वर्गात होती. २०१८ साली हाच आकडा ६८ होता. चार वर्षांच्या मुलांत तो २०१८ साली ७६ होता, तो २०२४ साली ८३ झाला. पाच वर्षांच्या मुलांत ५८ वरून ७१ झाला. ह्या वयाची कित्येक मुले थेट पहिलीत बसविलेली असतात, हे त्या आकड्याबरोबर ध्यानात घ्यावे.

सहा वर्षांत एवढी वाढ झाली ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानावे, व सेविकांचेही मानावे. परंतु देशात प्रांताप्रांतांत फार अंतर आहे. त्याच पाहणीत मेघालयात तीन वर्षांच्या मुलांपैकी अर्धी कोठेच जात नव्हती, आणि मेघालयात तर बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. उलट महाराष्ट्र, गुजराथ, ओडिशा व तेलंगण ह्या प्रांतांत ह्या वयाची जवळजवळ सर्व मुले पटावर होती.

“मग आम्हां महाराष्ट्रातील लोकांस हा पाठ कशाला?” असे कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले असे की, पट वेगळा आणि हजेरी वेगळी. एका गावी आम्ही सकाळी अंगणवाडी पाहावयास गेलो. वहीत नावांची रांग लांब होती. चटईवर मुले थोडी होती. सेविका वजने लिहिण्यात गुंतली होती, आणि मुले भिंतीला टेकून आहाराची वाट पाहत होती. ती बाई आळशी नव्हती. तिच्याकडे मोजमाप, नोंदी, सर्वेक्षण, आहाराचा हिशेब, अशी इतकी कामे होती की, शिकविण्यास तिला वेळच उरत नव्हता. तमिळनाडूत ह्याची परीक्षा करून पाहिली गेली. काही अंगणवाड्यांत मुलांना शिकविण्याकरिता एक जादा बाई नेमली, तेव्हा शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची अक्षर व अंकांची समज वाढली, आणि खुरटलेल्या मुलांचे प्रमाणही कमी झाले. सेविकेला हात मिळाला की काम होते, एवढे ह्यावरून सिद्ध होते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. “जवळजवळ सर्व” ह्या शब्दांत जी थोडी राहिली, ती कोण? शेकडा पंचाण्णव मुले आली असे सरकारी कागदावर आले की, साहेब समाधान पावतात, आणि त्यांच्या जागी ते ठीकही असेल. मेंढपाळाचे तसे नसते. उरलेली पाच मुले त्याच्यापुढे आकडा होऊन येत नाहीत; त्यांना नावे असतात, आईबाप असतात, आणि आमच्या अनुभवाप्रमाणे त्यांतली पुष्कळशी आपल्याच वस्तीवरची असतात.

५. राहिलेली मुले कोणाची

ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले ह्यांत पहिली. बीड, अहिल्यानगर, जालना ह्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी गाडीत संसार भरून निघतात, आणि उन्हाळा लागल्यावर परततात. लहान लेकरू बरोबर नेतात, कारण मागे ठेवावयास कोणी नसते. फडाच्या कडेला ते धुळीत बसते, आणि त्याला सांभाळण्यास मोठी बहीण बरोबर जाते. गावच्या पटावर दोघांची नावे असतात; दोघेही पाच महिने तेथे नसतात. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचीही तीच गत.

दुसरी, अंगणवाडीपासून दूर असलेल्या वस्तीवरची. ओढा ओलांडून, अथवा मोठ्या रस्त्याने, तीन वर्षांचे मूल एकटे जाऊ शकत नाही, आणि आई तर पहाटेच मजुरीला गेलेली असते.

तिसरी, ज्यांच्या आईला तेथे बसवून घेतले जात नाही, अथवा तसे तिला वाटते. दुसऱ्या आळीच्या लेकरांबरोबर आपले लेकरू बसले तर कोणी काही बोलेल, ताट वेगळे ठेवील, ही भीती अजून गेली नाही. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिच्यापुढे आपण घरी बसलो तर ती अधिकच खरी होते.

येथे आमच्या स्वतःच्या एका अपराधाची कबुली दिल्यावाचून पुढे जाणे आम्हांस शक्य नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही नवे पाळक असताना, मंडळीतील एक बाई ऊसतोडीला निघण्याच्या आदल्या रात्री आमच्याकडे आली. तिच्याबरोबर एक तीन वर्षांचा मुलगा व एक नऊ वर्षांची मुलगी होती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, ह्या पोराला दिवसा कोणी सांभाळणारे असते तर म्हातारीपाशी ठेवला असता, अन् पोरीची शाळा बुडाली नसती. म्हातारीला दिवसभर त्याच्यामागे धावणे होत नाही.” आम्ही तिच्यासाठी प्रार्थना केली, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला निरोप दिला. मंडळीचे घर दिवसभर कुलपात बंद असे. सहा दिवस तेथे चिमण्यांशिवाय कोणी नसे. त्या घराची किल्ली आमच्या खिशात होती, आणि त्या रात्री हे आमच्या ध्यानातही आले नाही. उन्हाळ्यात ती मंडळी परतली. मुलगी पुन्हा शाळेत गेली, पण वर्गाच्या फार मागे पडली होती; पुढल्या हंगामानंतर ती गेलीच नाही. प्रभूने लेकरांवर हात ठेवले, तसे आम्हीही ठेवले; पण आमचे हात रिकामे होते.

६. तेथे शिकवावयाचे काय

आणखी एका चुकीविषयी सावध केले पाहिजे. ज्यांच्या हाती थोडा पैसा आला आहे ते बंधू लेकराला दूरच्या इंग्रजी नर्सरीत घालतात, आणि त्याने ए-बी-सी-डी पाटीवर गिरविली म्हणजे धन्य होतात. तीन वर्षांच्या मुलाची बोटे लेखणी धरण्यास तयार नसतात. आसाम, राजस्थान व तेलंगण ह्या प्रांतांतील १४,००० मुलांवर काही वर्षे लक्ष ठेवून केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, सरकारी अंगणवाडी असो की खाजगी वर्ग, पुष्कळ ठिकाणी मुलांना ह्या वयाला साजेसे शिक्षण मिळतच नाही; एकीकडे नुसते बसविणे, दुसरीकडे घोकंपट्टी.

ह्या वयात मुलाने बोलावे, ऐकावे, गाणे म्हणावे, बिया-खडे मोजावे व त्यांची वर्गवारी करावी, मातीचे बैल करावे, गोष्ट ऐकून ती आपल्या शब्दांत सांगावी, आपली पाळी येईपर्यंत थांबावे, आणि हात धुऊन जेवावे. हे सर्व आपल्या बोलीत झाले पाहिजे. ज्याने गोष्ट नीट ऐकली त्याला पुढे वाचन सोपे जाते. ज्याने शंभर चिंचोके हाताळले त्याला बेरीज परकी वाटत नाही. अमेरिकेत इप्सिलांटी नावाच्या शहरात १९६२ साली गरीब घरांतील १२३ काळ्या मुलांचे दोन गट करून, एका गटाला असे शिक्षण दिले व दुसऱ्याला दिले नाही. ती मुले चाळीस वर्षांची होईपर्यंत त्यांची चौकशी केली. शिक्षण मिळालेल्या गटातील अधिक जणांनी शाळा पुरी केली, त्यांची मिळकत अधिक होती, आणि त्यांच्यातील थोड्यांना तुरुंग पाहावा लागला. खेळात गेलेली ती एक-दोन वर्षे वाया गेली नव्हती.

७. मंडळीने करावयाच्या पाच गोष्टी

पहिली, मोजणी. प्रत्येक उपदेशकाने एक वही घालावी. वस्तीवरील सहा वर्षांखालील प्रत्येक लेकराचे नाव, जन्मतारीख, ते कोठे जाते, गेल्या आठवड्यात किती दिवस गेले, आणि जात नसल्यास का, हे तीत लिहावे. ख्रिस्ती लेकरू व इतर लेकरू असा भेद वहीत करू नये.

दुसरी, जागा. ज्या गावी अंगणवाडीला धड इमारत नाही तेथे मंडळीचे घर आठवड्याचे सहा दिवस देण्याचा विचार पंचांनी करावा. मात्र ते सर्व जातींच्या व सर्व धर्मांच्या लेकरांस मोकळे असावे, आणि अन्नाच्या ताटावर उपदेश करू नये. घर झाडून दिले, पाण्याचा हंडा भरून ठेवला, एवढी साक्ष तेथे पुरे आहे.

तिसरी, सेविकेला हात. बायबलबाई, तरुण मुली, वृद्ध बाया ह्यांनी पाळीपाळीने एक तास जाऊन गोष्ट सांगावी, गाणे म्हणावे. आधी सेविकेस विचारावे. तिच्या कामाची निंदा करीत जाऊ नये.

चौथी, मागणी. वस्तीत मुले पुरेशी असून अंगणवाडी नसेल तर वहीतील नावांची यादी जोडून ग्रामसभेत अर्ज द्यावा व तो बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे पाठवावा. ताट वेगळे ठेवल्याची तक्रार असेल तर तीही लेखी द्यावी. रोजगार हमीच्या कामावर बायांबरोबर सहा वर्षांखालील पाच अथवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमण्याची तरतूद २००५ च्या कायद्यात केली होती, व तिलाही मजुरी ठरविली होती. ही गोष्ट आपल्या फार थोड्या बायांना ठाऊक आहे. आज काय नियम आहे ते विचारून घेऊन प्रत्येक घरी सांगावे.

पाचवी, हंगामाची व्यवस्था. कोणकोणती घरे तोडीला जाणार हे दसऱ्याच्या आधी विचारून घ्यावे. ज्या लेकरांस आजीपाशी ठेवता येईल त्यांना दिवसा सांभाळण्याची सोय मंडळीने करावी. जी जाणारच, त्यांच्या आयांना सांगावे की, ज्या गावी फड लागेल तेथील अंगणवाडीतही लेकराचा आहार व लस मागता येते, आणि गावच्या सेविकेकडून त्याची नोंद हलवून घ्यावी.

शेवट

वर सांगितलेली ती नऊ वर्षांची मुलगी आता स्वतः आई झाली आहे. गेल्या वर्षी आम्ही मंडळीत वही घातली, तेव्हा उपासनेनंतर ती आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा हात धरून पुढे आली व म्हणाली, “माझ्या पोरीचे नाव पहिले लिहा.” आम्ही ते पहिले लिहिले. तिने वही आपल्याकडे वळवून घेतली, आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून, बराच वेळ लावून, मुलीचे नाव वाचले. बरोबर आहे अशी खात्री झाल्यावर ती आपल्या जागी जाऊन बसली. तिने आम्हांस जुन्या गोष्टीविषयी एक शब्द विचारला नाही. आता त्या घराची किल्ली सकाळी सेविकेकडे असते.

बंधूंनो, एका मेंढराकरिता मेंढपाळाला जो आनंद झाला त्यात त्याने शेजाऱ्यांना बोलाविले. आपल्या वहीतील शेवटचे रिकामे राहिलेले घर भरेल त्या दिवशी आपणही बोलावू. तोपर्यंत रोज संध्याकाळी मोजणी चालू ठेवावी.

चर्चेकरिता प्रश्न

१. आपल्या वस्तीवर सहा वर्षांखालील किती लेकरे आहेत? हा आकडा आज कोणाला न पाहता सांगता येतो काय?
२. पटावर नाव असून गेल्या आठवड्यात एकदाही न गेलेली मुले कोणती? त्यांच्या घरी ह्या आठवड्यात कोण जाईल?
३. धाकट्या भावंडाला सांभाळण्याकरिता शाळा सोडलेली मुलगी आपल्या मंडळीत आहे काय? तिच्या आईबापांशी कोणी बोलले आहे काय?
४. आपल्या मंडळीच्या घराची किल्ली सोमवार ते शनिवार कोठे असते?
५. लोईस व युनीके ह्यांनी घरी जे केले, ते आपल्या घरी दिवसातून कोणत्या वेळी करता येईल?

प्रार्थनेचे विषय: हंगामाला गेलेली घरे व त्यांची लेकरे, आपल्या गावची सेविका व मदतनीस, नाव घेऊन, आणि मोजणी करण्याचे काम ज्यांच्यावर सोपविले आहे ते बंधू व भगिनी.